गल्ल्यावरचा सल्ला आणि त्याचे मोल

कोणत्याही दुकानात दोन प्रकारचा माल विकला जातो. एक तागडीत घालून तोलता येतो, त्याची पावती फाडता येते आणि वर्षअखेरीस त्याची शिल्लकही मोजता येते. दुसरा माल तागडीत मावत नाही. ‘हे नेऊ नका, ते न्या’, ‘अजून आठवडाभर तरी त्याला हात लावू नका’, ‘दोष तुमच्या भांड्यात नाही, पाण्यात आहे’, अशा शब्दांत तो गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. पाठ्यपुस्तकातील दुकानदार केवळ पहिला माल विकतो. प्रत्यक्षातील दुकानदाराचे पोट पुष्कळदा दुसऱ्या मालावर अवलंबून असते. दुसरा माल फुकट द्यायचा आणि त्याचे पैसे पहिल्याच्या किमतीत वसूल करायचे, ही व्यापाराची जुनी रीत आहे. ती रीत आता ठिकठिकाणी मोडकळीस आली आहे. ती मोडते म्हणजे नेमके काय होते, हे पाहायचे असेल तर इंग्लंड-अमेरिकेतील एका लहानशा आणि वरवर पाहता विक्षिप्त वाटणाऱ्या धंद्याकडे पाहावे. तो धंदा म्हणजे घरच्या घरी बिअर करणाऱ्यांना लागणारे सामान विकण्याचा.

मराठी वाचकाला हे दुकान पाहून ठाऊक असण्याचे कारण नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, परवान्यावाचून मद्य तयार करू देत नाही. तेव्हा त्याचे सामान सल्ल्यासह विकणारे दुकान येथे उभे राहणार तरी कसे? शिवाय मद्यपान इष्ट की अनिष्ट, हा या लेखाचा विषयच नव्हे. ज्या समाजांत हा छंद कायद्याला मान्य आहे, तेथे एक लहान दुकानदार आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यात कोणता व्यवहार घडतो आणि तो का बिघडतो, एवढाच प्रश्न येथे आहे. त्याचे उत्तर मात्र बिअरपुरते मर्यादित नाही.

कायद्याने उघडलेले दार

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यापासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना काढावा लागे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि एका नव्या किरकोळ व्यापाराला तोंड फुटले. पुढच्या दशकात ‘बूट्स’सारख्या औषधविक्रेत्यांच्या दुकानांतूनही बिअरचे संच विकले जाऊ लागले. अमेरिकेची वाट अधिक वळणांची होती. तेथील १९२० ची देशव्यापी दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरी वाईन करण्यास मुभा मिळाली, बिअरला मात्र मिळाली नाही. ही विसंगती तब्बल पंचेचाळीस वर्षे टिकली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ती दूर झाली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन बिअर, विक्रीसाठी नव्हे तर घरच्या उपयोगासाठी, करमुक्त करता येईल, असे ठरले. तरीही अंतिम अधिकार घटकराज्यांकडे राहिल्यामुळे मिसिसिपी व अलाबामा ही शेवटची दोन राज्ये वळायला २०१३ साल उजाडावे लागले.

दुकाने मात्र कायद्यासाठी थांबून राहिली नव्हती. वाईनचे सामान विकणे वैधच होते; त्याच्या आडोशाने बिअरचेही विकले जाई. कॅलिफोर्नियातील वुडलँड हिल्स येथे अशाच एका दुकानाच्या आश्रयाने १९७४ साली ‘माल्टोज फाल्कन्स’ हे हौशी मंडळ जन्माला आले. त्याच राज्यातील चिको या गावी १९७६ साली केन ग्रॉसमन नावाच्या तरुणाने बिअरच्या सामानाचे दुकान थाटले. पुढे १९८० च्या सुमारास त्याने भागीदारासह ‘सिएरा नेव्हाडा’ हा बिअरचा कारखाना उभारला आणि तो अमेरिकेतील अग्रगण्य कारखान्यांत गणला गेला. १९७८ सालीच चार्ली पपाझियन या शाळाशिक्षकाने कोलोराडोतील बोल्डर येथे ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत सुमारे अकरा लाख लोक घरी बिअर करीत होते. दुकानदार, मास्तर आणि मंडळ यांची ही युती लक्षात ठेवण्याजोगी आहे. छंद पसरला तो नुसत्या सामानामुळे नव्हे. ते सामान वापरायचे कसे, हे सांगणारा माणूस जवळपास होता म्हणून पसरला.

जिवंत माल

सांगणाऱ्या माणसाची एवढी गरज का पडावी? बिअरचे घटक चारच: पाणी, मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर, सुवासिक फुले, आणि यीस्ट. नवशिका बहुधा माल्टचा तयार पाक घेतो, तो पाण्यात हॉप्ससह तासभर उकळतो, निववतो आणि यीस्ट घालून भांडे झाकून ठेवतो. पंधरा दिवसांनी थोडी साखर घालून बाटल्या भरतो. अमेरिकेतील रूढ घाण पाच गॅलनांचा, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरांचा. त्यातून पन्नासेक बाटल्या निघतात. सांगायला सोपे, पण ज्या गृहिणीने विरजण लावले आहे तिला यातील खाचाखोचा समजावून सांगाव्या लागणार नाहीत. दूध फार गरम असले तर विरजण मरते, फार थंड असले तर दही लागत नाही, भांडे स्वच्छ नसले तर भलताच वास येतो. यीस्टचे तसेच आहे. नेहमीच्या एल जातीच्या बिअरला अठरा ते वीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. उन्हाळ्यात ते अठ्ठावीसवर गेले की चव बिघडलीच. बाटल्यांत घालायची साखर एकोणीस लिटरांना साधारण सव्वाशे ग्रॅम. ती अंदाजपंचे टाकली, किंवा आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच बाटल्या भरल्या, तर आत वायू कोंडून बाटल्या फुटतात आणि काचा उडतात. येथे सल्ला चवीपुरता राहत नाही. डोळ्यांच्या सुरक्षिततेशी येऊन भिडतो.

त्यात हा माल जिवंत आणि नाशवंत. द्रवरूप यीस्ट फ्रिजमध्ये राहावे लागते आणि महिन्यागणिक त्याचे बळ घटते. हॉप्स हवेने व उबेने शिळे होतात. दळलेले माल्ट फार काळ ठेवण्यात अर्थ नसतो. पाकिटाकडे पाहून यातले काहीही धड कळत नाही. वस्तूची पारख कशी होते यावरून अर्थशास्त्रज्ञांनी तिचे प्रकार पाडले आहेत. काही वस्तू घेण्याआधी पाहून पारखता येतात, तर काही वापरल्यावरच कळतात, हा भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० साली मांडला. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली: वापरल्यानंतरही जिचा गुण निश्चित कळत नाही, जी केवळ विश्वासावर घ्यावी लागते, अशी वस्तू वा सेवा. वैद्याचे निदान आणि यंत्रदुरुस्ती या तिसऱ्या वर्गातल्या. सामानाच्या दुकानातील सल्लाही बराचसा याच वर्गात मोडतो. घाण बिघडला तो यीस्टमुळे, पाण्यामुळे, उष्म्यामुळे की स्वतःच्या हलगर्जीपणामुळे, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. आणि कळत नाही म्हणूनच तो दुकानाची पायरी चढतो.

एका चकतीची गोष्ट

एक नमुना पाहण्याजोगा आहे. नवशिक्याची पुष्कळदा तक्रार असते की बिअरला दवाखान्यासारखा, जखमेवर लावायच्या औषधासारखा वास येतो. त्याची खात्री झालेली असते की भांडी बदलली पाहिजेत. जाणता दुकानदार आधी विचारतो, पाणी कोणते वापरता? नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी घातलेले क्लोरीन किंवा क्लोरामाइन असते. माल्टमधील आणि यीस्टने निर्माण केलेल्या काही घटकांशी त्याचा संयोग होऊन नेमका हाच वास येतो. क्लोरीन पाणी उकळल्याने बरेचसे उडून जाते; क्लोरामाइन तसे सहजी जात नाही. त्यावर उपाय म्हणजे कॅम्पडेन नावाची, मेटाबायसल्फाइटची, चकती. एका घाण्याच्या पाण्याला तिचा लहानसा तुकडाही पुरतो. किंमत विचाराल तर काही सेंट!

आता या व्यवहाराचा हिशेब मांडावा. दुकानदाराचा पाऊण तास गेला. गल्ल्यात पडले काही सेंट. त्याने जर ‘होय, भांडी जुनी झाली, नवा संच न्या’ असे म्हटले असते, तर शंभर डॉलरची विक्री झाली असती, आणि गिऱ्हाइकाला फसवणूक कळण्याचा संभवही थोडाच होता. सचोटीचा सल्ला आणि विक्रीचा लाभ यांचे तोंड परस्परविरुद्ध दिशांना आहे. तरीही चांगले दुकानदार चकतीच देतात, आणि त्यामागे केवळ साधुत्व नसते. घरी बिअर करणारा महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येतो. छंद जडला तर वर्षानुवर्षे येत राहतो. पहिल्या तीन घाण्यांत निराश झालेला माणूस भांडी माळ्यावर टाकतो आणि कायमचा हरवतो. म्हणून आजची शंभर डॉलरची विक्री सोडून उद्याचे दहा वर्षांचे गिऱ्हाईक जोडणे हा शहाणपणाचा व्यापार ठरतो. अट एकच, ते गिऱ्हाईक उद्याही त्याच दुकानात आले पाहिजे.

याच उदाहरणात स्थानिक दुकानाचे खरे बळही दिसते. आपल्या गावच्या नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन आहे की क्लोरामाइन, पाणी जड आहे की हलके, उन्हाळ्यात तळघरे किती तापतात, हे तेथे बसलेल्या माणसाला ठाऊक असते. स्थळकाळाशी बांधलेले असे विखुरलेले ज्ञान कोणत्याही मध्यवर्ती कार्यालयात गोळा करता येत नाही, हा फ्रेडरिक हायेक यांचा १९४५ सालच्या निबंधातील मुद्दा होता. त्यांच्या डोळ्यांसमोर समाजवादी नियोजन मंडळे होती. परंतु शेकडो मैलांवरच्या गोदामातून देशभर एकाच मापाचा संच धाडणाऱ्या व्यापाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

आधी जाणते गेले

गिऱ्हाईक उद्याही तेथेच आले पाहिजे, ही अट आता पुरी होत नाही. टपालाने माल मागविण्याची सोय पूर्वीही होती. इंटरनेटने मात्र दर पाहणे आणि माल घरपोच मिळवणे क्षणाचे काम करून टाकले. मोठ्या गोदामवाल्याला भर पेठेतले भाडे नाही, पाऊण तास बोलणारा माणूस नाही, पाच नमुन्यांची चव दाखवण्याचा खर्च नाही. तो त्याच माल्टचे पोते कमी दरात देतो. अशा वेळी स्थानिक दुकानात जायचे, शंकानिरसन करून घ्यायचे, वस्तू हाताळायची आणि घरी येऊन ती स्वस्तात मागवायची, हा मोह थोर असतो. आपल्याकडे याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. बीळ खोदणाऱ्याने किती दिवस खोदावे?

लेस्टर टेल्सर यांनी १९६० सालीच हे दुखणे नेमके हेरले होते. उत्पादक आपल्या मालाची किरकोळ किंमत ठरवून का देतात, या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी एक असे: विक्रीपूर्वी सेवा देणाऱ्या दुकानदाराची ती न देणारा स्वस्त दुकानदार लूट करू शकतो, किंमत सर्वत्र एकच राहिली तर ही लूट थांबते. सल्ल्याचे वेगळे बिल फाडण्यातील अडचण केनेथ ॲरो यांनी १९६२ साली दाखवली होती. माहितीचे मोल ती मिळेपर्यंत घेणाऱ्याला कळत नाही, आणि मिळाल्यावर तिच्यासाठी पैसे मोजण्याचे त्याला कारण उरत नाही. ‘चकती टाका’ हे तीन पळांचे वाक्य ऐकण्यापूर्वी कोणी दहा डॉलर देणार नाही. ऐकल्यावर तर नाहीच नाही.

परंतु आणखी एक गोष्ट आहे आणि तीच या धंद्याच्या मुळावर आली. सल्ल्याचा खर्च सर्व गिऱ्हाइकांच्या बिलात सारखा वाटलेला असतो, पण सल्ल्याची गरज सर्वांना सारखी नसते. नवशिक्या यीस्टचे एक पाकीट आणि पाकाचा एक डबा नेतो आणि तासभर प्रश्न विचारतो. दहा वर्षे मुरलेला हौशी पंचवीस किलोंचे पोते उचलतो, पैसे टाकतो आणि चालू लागतो. याचा अर्थ मुरलेल्याच्या पोत्यावरील नफ्यातून नवशिक्याची शिकवणी चालते. मुरलेल्याने कधीकाळी तीच शिकवणी फुकट घेतलेली असते, तेव्हा यात अन्याय काही नाही. ही एक न लिहिलेली पिढीजात परतफेड आहे. परंतु स्वस्त पोते दुसरीकडे मिळू लागताच प्रथम दुकान सोडतो तो हाच मुरलेला मनुष्य, कारण त्याला सल्ल्याची गरज राहिलेली नसते. मागे उरतात ते सर्वांत थोडे घेणारे आणि सर्वांत जास्त विचारणारे. मग दुकानदाराला दर वाढवावे लागतात. वाढलेल्या दरांमुळे उरलेल्यांतले जाणते जातात. आणि हे चक्र दुकानाच्या दाराला कुलूप लागेपर्यंत फिरत राहते. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात चांगल्या मोटारी कशा मागे हटतात, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवले. येथे मोटारींच्या जागी गिऱ्हाइके आहेत, एवढाच फरक.

दुकानदाराचीही झाडाझडती

एवढ्यावरून सारा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सल्ला हा माल असेल तर त्यात भेसळही असू शकते. स्थानिक दुकानांविषयीच्या जुन्या तक्रारी सर्वच खोट्या नाहीत. नवख्या गिऱ्हाइकाच्या बाळबोध प्रश्नावर हसणे, बाई दुकानात आली की ती नवऱ्यासाठीच सामान न्यायला आली आहे असे गृहीत धरणे, फडताळावर धूळ खात पडलेला माल्टचा डबा तारीख न सांगता गळ्यात मारणे, स्वतःची एक पद्धत म्हणजे वेदवाक्य मानून बाकी सर्वांना मूर्ख ठरवणे, असा दुकानदार जेव्हा ‘स्थानिक व्यापाराला आधार द्या’ म्हणतो तेव्हा तो व्यापार करीत नसतो, वर्गणी मागत असतो. जो सल्ला मिळतच नाही, त्याचे मोल गिऱ्हाइकाने का द्यावे?

याहून सूक्ष्म दोष शिळ्या ज्ञानाचा. अनेक वर्षे पुस्तके आणि दुकानदार एकमुखाने सांगत की पहिल्या आठवड्यानंतर बिअर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी, नाही तर तळाशी साचलेल्या यीस्टमुळे चव बिघडते. पुढे अनुभवाने दिसून आले की घरगुती मापाच्या साध्या एल बिअरला याची सहसा गरज नसते. उलट भांडी बदलताना हवा लागण्याचा आणि जंतू शिरण्याचा धोका असतो. जाणत्यांनी मत बदलले. दरम्यान प्रत्येक नवशिक्याला एक जादा भांडे मात्र विकले गेले. यात लबाडी होती असे म्हणता येणार नाही, कारण दुकानदाराचाही त्यावर विश्वास होता. परंतु ज्या समजुतीमुळे आपला माल खपतो ती तपासून पाहण्याची निकड माणसाला क्वचितच भासते. ही तपासणी बरीचशी झाली ती गल्ल्याबाहेर, हौशी लोकांच्या आपसांतील चर्चांतून, आणि त्यात इंटरनेटचा वाटा मोठा होता. हे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे.

मग इंटरनेटनेच दुकानाची जागा घ्यावी, असे म्हणता येईल काय? माहिती आणि निदान यांतला भेद येथे विसरता कामा नये. माहिती आता मुबलक आहे आणि तिच्यासाठी दुकानाची गरज नाही, हे उघड आहे. परंतु नवशिक्याची अडचण माहितीच्या अभावाची नसते. आपल्याला कोणता प्रश्न पडला आहे हेच त्याला ठाऊक नसते. तो बाटली घेऊन येतो. दुकानदार ती उघडतो, वास घेतो, प्रकाशात धरतो आणि तीन प्रश्न विचारतो. वासाला अजून तारेवरून पाठवण्याची सोय झालेली नाही. दहा हजार उत्तरांच्या ढिगात आपले उत्तर कोणते, हे ओळखून देणारा माणूस, हेच स्थानिक दुकानाचे उरलेले भांडवल आहे. ज्या दुकानदाराला हे कळले नाही आणि जो अजून माहितीच विकू पाहतो, त्याचे दुकान टिकणार नाही, आणि त्याबद्दल फार हळहळण्याचेही कारण नाही.

उपाय कोणते?

कायद्याचा उपाय फारसा कामाचा नाही. किरकोळ किंमत बांधून देण्याची प्रथा ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने बहुतांशी मोडून काढली. अमेरिकेत किमान किंमत बांधणारा करार १९११ पासून आपोआप बेकायदा मानला जाई. २००७ साली लीजिन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द करून अशा करारांचा बरेवाईटपणा परिणामांवरून ठरवावा असे म्हटले, आणि त्यासाठी टेल्सर यांच्याच धाटणीचा युक्तिवाद मान्य केला. परंतु किंमत बांधली म्हणजे सेवा मिळेलच असे नाही. दुकानदार जादा नफा खिशात घालून गप्प बसू शकतो. शिवाय ज्याला सल्ला नको आहे त्यालाही तो सक्तीने विकत घ्यावा लागतो. दुसरीकडे, मोठ्या भांडवलाला हा बाजार मोकळा सोडला तर काय संभवते, याची चुणूक २०१६ साली मिळाली. मिनेसोटातील ‘नॉर्दर्न ब्रुअर’ हे घरगुती बिअरच्या सामानाचे मोठे दुकान जगातील सर्वांत मोठी बिअर कंपनी असलेल्या ‘एबी इनबेव’ने आपल्या उपकंपनीमार्फत विकत घेतले. कारखान्याची बिअर नको म्हणून घरी बिअर करणाऱ्याचे सामान त्याच कारखानदाराच्या हातून यावे, हे अनेक हौशींना रुचले नाही.

खरा उपाय सल्ल्याला उघडपणे मालाचा दर्जा देण्यात आहे. चांगली दुकाने ते करतातही. शनिवारी सकाळी शुल्क घेऊन वर्ग चालवणे, दुकानातच एक घाण करून दाखवणे, ज्यांनी सामान बाहेरून आणले त्यांच्यासाठीही फी घेऊन निदान करणे, स्थानिक मंडळाला बैठकीसाठी जागा देणे आणि त्याच्या सभासदांना पोत्यावर सवलत देणे, हे सारे मार्ग एकाच दिशेचे आहेत. शिकवणीचा खर्च शिकणाऱ्याकडून घ्यावा आणि पोत्याचा भाव पोते उचलणाऱ्याला परवडेल असा ठेवावा, म्हणजे जाणते गिऱ्हाईक सोडून जाण्याचे मोठे कारण उरत नाही. सल्ल्याचा दर्जाही याने सुधारतो. कारण ज्याचे पैसे घेतले त्याची जबाबदारी टाळता येत नाही, आणि ज्याचे पैसे मिळाले त्यासाठी नको ते भांडे विकण्याची गरज राहत नाही.

राहता राहिला गिऱ्हाइकाचा धर्म. तो अवघड नाही. बाहेरचा दर कमी असेल तर बाहेरून घ्यावे, त्यात पाप नाही. पण ज्याच्याकडून निदान घेतले, औषधही त्याच्याकडूनच घ्यावे. ही दयाबुद्धी नव्हे, घेतलेल्या मालाची किंमत चुकती करणे आहे.

परसातला तोच प्रश्न

परक्या देशातील छंदिष्टांच्या या दुकानाशी मराठी मुलखाचा संबंध काय, असे कोणी विचारील. बिअरशी संबंध नसेल. व्यवहाराशी फार निकटचा आहे. तालुक्याच्या बाजारपेठेतील कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यापुढे उभा असलेला शेतकरी आठवावा. कपाशीचे पान तो हातात घेऊन आलेला असतो. रोग कोणता, औषध कोणते, किती पाण्यात किती, दोन औषधे मिसळावीत की नाही, हे सारे तो ज्याला विचारतो तोच ते औषध विकणारा असतो. निदान आणि विक्री एकाच हातात, सल्ला फुकट आणि त्याचे मोल औषधाच्या बाटलीत दडलेले. रचना तंतोतंत तीच आहे. फरक परिणामांत आहे. तेथे फार तर पन्नास बाटल्या मोरीत ओतल्या जातात. येथे हंगाम जातो, कर्ज चढते आणि कधी जीवही जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागची कारणे अनेक होती आणि ती एकट्या विक्रेत्याच्या माथी मारता येणार नाहीत. परंतु योग्य सल्ला योग्य वेळी कोणाकडून मिळायला हवा होता, हा प्रश्न त्या घटनेने सर्वांपुढे उभा केला. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषिविस्तार संस्थेने बियाणे-खते-औषधे विकणाऱ्यांसाठी २००३ सालापासून एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवला, तो हे ओळखूनच, की शेतकऱ्याचा पहिला सल्लागार दुकानदारच असतो. विक्रेत्याला शिकवणे आवश्यक आहे. पण शिकलेल्या विक्रेत्यालाही बाटली खपवल्यावाचून भाकरी मिळत नसेल, तर त्याचे शिक्षण आणि त्याचा गल्ला यांच्यात रोज झगडा होणार. त्या झगड्यात दर वेळी शिक्षणच जिंकेल, अशी आशा धोरणाने धरू नये.

म्हणून इंग्लंड-अमेरिकेतील त्या लहान दुकानांकडे कुतूहलापलीकडे जाऊन पाहायला हवे. ज्या समाजाला सल्ला फुकट हवा असतो, त्याला तो फुकट मिळत नाही. फक्त त्याचे बिल दुसऱ्याच कोणत्या तरी वस्तूच्या नावाने फाटते. ते नाव चकतीचे असेल तर दुकानदार उपाशी राहतो आणि नव्या संचाचे असेल तर गिऱ्हाईक नागवले जाते. या दोहोंच्या मधली वाट सापडायची असेल, तर सल्ल्याचे बिल सल्ल्याच्याच नावाने फाडण्याची आणि ते न कुरकुरता चुकते करण्याची सवय दोन्ही बाजूंना लावून घ्यावी लागेल.